संगणक चालू, पण पडदा काळाच : फॉरमॅट करण्याआधी हे पाहा



या वेळचा पाठ ग्रामसंघाच्या कार्यालयातल्या संगणकाचा आहे. कपाटाशेजारी जो डबा दिवसरात्र चालू असतो, ज्यात आपण इतिवृत्ताचे फोटो, कर्ज मागणी अर्ज, पासबुकाच्या प्रती आणि खतावणीचे तक्ते ठेवतो, त्याचा. बाकीच्या ताई आपापल्या फोनवरून किंवा लॅपटॉपवरून त्याच्यातलंच उघडून बघतात. अशा संगणकाला सर्व्हर म्हणतात. नाव मोठं आहे, पण काम साधं: एकाने सांभाळायचं आणि मागेल त्याला द्यायचं. भांडी-खुर्च्यांची चावी जिच्याकडे असते त्या ताईसारखं.

एके दिवशी त्याचा पडदा उजळत नाही. पंखा फिरतो, दिवा लागतो, कधी बनवणाऱ्या कंपनीचं नाव झळकून जातं आणि मग काळोख. कार्यालयात लगेच कुणीतरी म्हणतं, "गेलं सगळं." पाठोपाठ दुसरी म्हणते, "दुकानात न्या, फॉरमॅट मारून देतील." यातलं पहिलं बोलणं बहुतेक वेळा खोटं असतं. दुसरं ऐकलं तर मात्र ते खरं होऊन बसतं.

म्हणून आधी एक गोष्ट पक्की करा. काळा पडदा म्हणजे नोंदी गेल्या असं नाही. नोंदी हार्ड डिस्कवर असतात. पडद्यावर दिसणारं चित्र, म्हणजे खिडक्या, बाण, रंगीत पार्श्वभूमी, हा त्या संगणकावर चालणारा एक वेगळा कार्यक्रम आहे, आणि तो सगळ्यात शेवटी सुरू होतो. गिरणीच्या दारावरचा बल्ब गेला म्हणून आतलं जातं थांबत नाही, तसंच हे. कितीतरी वेळा असं असतं की पडदा काळा आहे आणि मागे फाइली देण्याचं काम व्यवस्थित चालू आहे. मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरना तर पडदा जोडलेलाच नसतो.

आणखी एक खुलासा, कारण बैठकीत याचा गोंधळ होतो. लोकओएसच्या ॲपमध्ये भरून वर गेलेले व्यवहार आपल्या या डब्यात नसतात, ते अभियानाच्या सर्व्हरवर असतात. आपला संगणक बंद पडला तरी ते सुरक्षित आहेत. पण इतिवृत्ताचे फोटो, जुन्या वर्षांचे तक्ते, मेसच्या डब्यांचा हिशेब, अर्जाच्या प्रती हे आपण स्वतः ठेवलेलं असतं. त्याची दुसरी प्रत कुणी काढली नसेल तर ती एवढीच. जपायचं ते हे.

आपल्याच भागात हे जास्त का होतं

चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी या पट्ट्यात नवा कोरा संगणक क्वचितच येतो. भोसरी-चाकणच्या कंपन्या दर काही वर्षांनी संगणक बदलतात, आणि जुने विकतात किंवा गावाला, शाळेला, गटाला देतात. वस्तू चांगली असते, यात शंका नाही. पण त्यातले काही डिझाइन विभागातले असतात, साचे आणि सुट्या भागांची चित्रं काढायचे. त्यात चित्रासाठी एक वेगळी पाटी बसवलेली असते, तिला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. अशा डब्याच्या मागे चित्राची वायर लावायच्या जागा दोन ठिकाणी असतात. वर माउस-कीबोर्डच्या ओळीत एक, आणि खाली आडव्या पट्टीवर दुसरी. झाडलोट करताना वायर काढली आणि परत लावताना वरच्या जागेत गेली, की पडदा काळा. संगणकात काहीही बिघडलेलं नसतं.

याच कार्डाचा दुसरा त्रास म्हणजे ते जुनं असतं. कार्ड बनवणारी कंपनी जुन्या कार्डांसाठी लागणारी चालक प्रणाली, म्हणजे ड्रायव्हर, काही वर्षांनी काढायचं थांबवते. आपण संगणकावर उबुंटू, डेबियन किंवा सी-डॅकची बॉस असं फुकट मिळणारं लिनक्स टाकलेलं असतं. ते वेळोवेळी नवं होतं. नवं लिनक्स आणि जुनं कार्ड यांचं पटलं नाही तर सुरुवातीचं सगळं दिसतं, पण चित्र लागायच्या वेळी अंधार होतो.

आणि तिसरा आपला गुरुवार. आपल्याकडे कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, म्हणून महावितरणची दुरुस्तीही गुरुवारी, आणि वीज सकाळपासून जाते. यूपीएस असला तरी साधारण १० ते १५ मिनिटं तग धरतो, बॅटरी दोन-तीन वर्षांची झाली असेल तर तेवढंही नाही. चालू संगणकाची वीज एकदम गेली की दोन गोष्टी होतात. एक, पुढच्या वेळी सुरू होताना तो डिस्क तपासत बसतो आणि पडदा बराच वेळ काळा राहतो. दोन, आतला नाण्याएवढा सेल संपलेला असेल तर संगणक स्वतःच्या मूळ सेटिंग विसरतो. म्हणून शुक्रवारी सकाळी "बंद पडला" म्हणून फोन आला तर आधी वीज आठवायची.

पहिलं काम : बघायचं आणि लिहायचं

हात लावण्याआधी वही घ्या. तारीख, वेळ, आणि काय दिसतं ते लिहा. "चालू होत नाही" एवढं लिहिलं तर कुणालाच काही कळत नाही. दवाखान्यात "बरं वाटत नाही" म्हटल्यासारखं ते. नेमकं काय दिसतं यावरून दुखणं कुठे आहे ते निम्मं कळतं.

पडद्यावर "नो सिग्नल" असं येऊन तो झोपतो का? मग पडदा ठीक आहे, त्याच्यापर्यंत चित्र पोचत नाही. कंपनीचं नाव दिसून मग काळं होतं का? मग वायर आणि पडदा दोन्ही ठीक आहेत, दोष पुढे आहे. काळ्यावर पांढरी अक्षरं येऊन थांबतात का? त्या अक्षरांचा फोटो काढा, तो सोन्यासारखा. नुसती एक रेघ लुकलुकते का? तेही लिहा. डब्यातून पीप पीप आवाज येतो का, आणि किती वेळा? वेगवेगळ्या कंपन्यांची पीपची भाषा वेगळी असते, पण आकडा लिहिलेला असला की जाणकाराला फोनवरसुद्धा अंदाज येतो.

आता कीबोर्डवरचं कॅप्स लॉकचं बटण दाबा. दिवा लागतो-विझतो का? लागत असेल तर संगणक जागा आहे, तुमचं ऐकतोय, फक्त चेहरा दाखवत नाही. (काही कीबोर्डना हा दिवाच नसतो. मग ही खूण सोडून द्या.)

मग फोन काढा. कार्यालयाच्या वायफायला जोडा आणि रोज जसं उघडता तसं सर्व्हरचं पान किंवा सामायिक फोल्डर उघडा. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८ अशा आकड्यांनी सुरू होतो. तो कपाटाच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलेला असावा, नसेल तर आजच चिकटवा. फोनवर फाइली दिसल्या की समजा सर्व्हर जिवंत आहे. आता घाई कशाचीच नाही. आधी त्याच फोनवरून किंवा लॅपटॉपवरून महत्त्वाच्या फाइलींची प्रत उतरवून घ्या, आणि मग पडद्याच्या मागे लागा. हा क्रम उलटा करू नका.

वायर, जागा आणि रॅम

"नो सिग्नल" असेल तर बाहेरून सुरुवात. पडद्याची स्वतःची वीज चालू आहे का? पडद्याच्या कडेला इनपुट किंवा सोर्स नावाचं बटण असतं. वायर एचडीएमआयची लावली असेल आणि पडदा व्हीजीए शोधत बसला असेल तर काळंच दिसणार. बटण दाबून जागा बदलून बघा. वायर दोन्ही टोकांना काढून परत घट्ट लावा. व्हीजीएची निळी वायर असेल तर तिच्या पिना वाकल्यात का बघा आणि दोन्ही स्क्रू पिळा. मग डब्यामागे वर सांगितलेली दोन ठिकाणं तपासा: खाली कार्डाची आडवी पट्टी असेल तर वायर तिथेच हवी. तरी नाही तर शेजारच्या अंगणवाडीतून किंवा शाळेतून दुसरा पडदा तासाभरासाठी आणून लावून बघा. कधी कधी पडदा बंद असताना संगणक सुरू केला तर तो चित्र पाठवतच नाही, म्हणून आधी पडदा चालू करायचा, मग संगणक.

डब्याच्या पुढचा दिवा हळूहळू लुकलुकत असेल तर संगणक बिघडलेला नाही, झोपलाय. अलीकडच्या लिनक्समध्ये बराच वेळ कुणी हात लावला नाही की तो आपोआप झोपतो. घरच्या संगणकाला ते ठीक, सर्व्हरला नाही. कीबोर्डचं एखादं बटण दाबून किंवा पॉवर बटण एकदाच हलकेच दाबून उठवा, आणि नंतर सेटिंगमध्ये पॉवर या सदरात आपोआप झोपण्याची सोय बंद करा.

पीप वाजत असेल, किंवा कंपनीचं नावही दिसत नसेल, तर रॅम सैल झालेली असू शकते. धूळ आणि ओलावा, दोन्ही आपल्याकडे भरपूर. संगणक बंद करा, वायर भिंतीतून काढा, मग पॉवर बटण १० सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज जाईल. धातूच्या बांगड्या, अंगठ्या काढून ठेवा, पदर खोचा. डब्याच्या धातूला एकदा हात लावा. बाजूचं झाकण उघडलं की पट्टीसारखी उभी रॅम दिसते, तिची दोन्ही टोकांची कडी मागे केली की ती वर येते. तिची सोनेरी कड साध्या पेन्सिलीच्या खोडरबराने हलकेच पुसा, चुरा झटका, आणि कडी टक् वाजेपर्यंत परत बसवा. हे काम आपल्यातली कुठलीही ताई करू शकते. शिलाई मशीनचा शटल काढून साफ करणारीला तर हे फारच सोपं. दोन गोष्टी मात्र उघडायच्या नाहीत: वीज येते तो पत्र्याचा चौकोनी डबा आणि पडद्याचं पाठचं झाकण. वायर काढली तरी त्यांच्यात झटका बसण्याइतकी वीज साठून राहते.

झाकण उघडलंच आहे तर तो सेल बघून घ्या. गोल, चपटा, नाण्यासारखा, वर सीआर २०३२ असं लिहिलेलं. घड्याळाच्या दुकानात मिळतो, ३ व्होल्टचा. तो संपला की वीज गेल्यावर संगणकाची तारीख कित्येक वर्षं मागे जाते, कोणत्या जागेतून चित्र पाठवायचं आणि कोणत्या पद्धतीने लिनक्स उघडायचं हेही तो विसरू शकतो. एवढ्याशा सेलमुळे पडदा काळा होतो, आणि त्याहून वाईट म्हणजे पडदा दिसत असूनही हप्त्याच्या नोंदीवर भलतीच तारीख पडू शकते. लेखापरीक्षणाला ती नोंद समोर आली की सांगायला कुणाकडे काही नसतं. म्हणून सेल बदलल्यावर आणि प्रत्येक मोठ्या वीजखंडानंतर पडद्यावरची तारीख वाचायची सवय लावा.

नाव दिसतं आणि मग अंधार

आता जास्त अवघड, पण जास्त वेळा येणारा प्रकार. कंपनीचं नाव दिसलं, कदाचित गोल फिरताना दिसला, आणि मग काळं.

आधी थांबा. खरंच थांबा. चहा ठेवा. वीज गेल्यानंतर डिस्कची तपासणी चालू असेल तर १० मिनिटं सहज लागतात, डिस्क मोठी आणि जुनी असेल तर जास्त. मधेच पॉवर बटण दाबून धरणं म्हणजे टाके घालत असताना रोग्याला उठवणं. एस्केप बटण एकदा दाबा. गोल फिरणाऱ्या चित्रामागे चाललेली अक्षरं त्याने दिसू लागतात. ती हलत असतील तर काम चालू आहे. एकाच ओळीवर अडकली असतील तर त्या ओळीचा फोटो घ्या.

तरीही काही नाही, तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ ही तीन बटणं एकदम दाबा. चित्राच्या बाजूने नाही गेलं तर मागच्या दाराने जायचं, तसं हे. काळ्या पडद्यावर लॉगिन असा शब्द आला तर जिंकलात. नाव लिहा, एंटर, मग पासवर्ड. पासवर्ड लिहिताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेही नाहीत. ते तसंच असतं, बिनधास्त लिहून एंटर दाबा. इथे मराठी टायपिंग चालत नाही, म्हणून सर्व्हरचा पासवर्ड नेहमी इंग्रजी अक्षरांचा ठेवायचा.

इथून पुढच्या आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत लिहायच्या आहेत. वाचून दाखवणाऱ्या ताईंनी एकेक अक्षर सावकाश सांगावं.

पहिली आज्ञा: डी, एफ, मग एक जागा सोडून आडवी रेघ आणि तिला लागून एच. एंटर. डिस्क किती भरली याचा तक्ता येतो. ज्या ओळीच्या शेवटी नुसती एक तिरपी रेघ आहे ती आपली मुख्य जागा. तिच्यासमोर १०० टक्के लिहिलं असेल तर कारण सापडलं. चित्र उघडताना लिनक्सला थोड्या रिकाम्या जागेवर लिहावं लागतं, जागाच नाही म्हणून ते गप्प बसतं. आणि जागा कशाने भरते? हळदीकुंकवाचे व्हिडिओ, मेळाव्याचे व्हिडिओ, व्हॉट्सॲपवरून आलेले तेच तेच फोटो चार-चार वेळा. हिशेबाच्या फाइली सगळ्या मिळून एका व्हिडिओएवढ्याही होत नाहीत. लगेच थोडी जागा करायला: एस-यू-डी-ओ, जागा, ए-पी-टी, जागा, सी-एल-ई-ए-एन. याने फक्त लिनक्सने उतरवून ठेवलेली जुनी पाकिटं जातात, आपल्या फाइलींना धक्का लागत नाही. मग लॅपटॉपवरून सामायिक फोल्डर उघडून व्हिडिओ पेनड्राइव्हवर हलवा. नंतर एस-यू-डी-ओ, जागा, आर-ई-बी-ओ-ओ-टी. संगणक रीतसर बंद होऊन परत सुरू होईल.

जागा भरपूर असेल तर संशय कार्ड आणि ड्रायव्हरवर. विशेषतः आदल्या दिवशी कुणी "अपडेट" केलं असेल तर. यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही तात्पुरते, म्हणजे करून बघायला धोका नाही.

संगणक सुरू करताना कंपनीचं नाव गेल्याबरोबर एस्केप एक-दोनदा दाबा. जुन्या पद्धतीच्या संगणकावर शिफ्ट दाबून धरावं लागतं. एक साधी यादी येते. तिच्यातल्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स या ओळीत गेलात की लिनक्सच्या गाभ्याच्या दोन-तीन आवृत्त्या दिसतात. सगळ्यात वरची नवी असते. तिच्या खालची, लहान आकड्याची निवडा (ज्या ओळीत रिकव्हरी लिहिलंय ती नको). नवी आवृत्ती आल्यावर जुनी लगेच काढून टाकत नाहीत, ती याचसाठी. जुनीने पडदा लागला तर दोष अपडेटचा, हे नक्की झालं.

नाही लागला तर परत त्याच यादीत पहिल्या ओळीवर थांबून ई दाबा. अक्षरांचं पान येईल, घाबरू नका. लिनक्स या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्या अगदी शेवटी जा, एक जागा सोडा आणि लिहा एन-ओ-एम-ओ-डी-ई-एस-ई-टी, सगळं जोडून. मग एफ१० दाबा. याचा अर्थ असा की कार्डाची खास करामत बाजूला ठेव आणि साधं चित्र दाखव. अक्षरं जाड, चित्र ओबडधोबड दिसेल, पण दिसेल. हा बदल तेवढ्या एका सुरुवातीपुरता टिकतो. पडदा दिसला की ड्रायव्हरचा दोष पक्का, आणि आता जाणकाराला बोलवायला हरकत नाही, कारण त्याला काय सांगायचं ते तुम्हाला माहीत आहे.

माझं मत विचाराल तर अशा जुन्या कार्डाशी झगडूच नये. संगणकाच्या मुख्य पाटीला स्वतःची चित्राची जागा असेल आणि प्रोसेसर चित्र देणारा असेल, तर कार्ड काढून ठेवायचं आणि वायर वरच्या जागेत लावायची. आपल्याला साचे काढायचे नाहीत, खतावणी बघायची आहे. वीजही कमी जाते. काही भारी संगणकांत प्रोसेसर स्वतः चित्र देत नाही, तिथे कार्ड लागतंच. कार्ड काढून पडदा अजिबात लागला नाही तर ते परत बसवा.

फॉरमॅटचा ठराव

आता मुख्य मुद्दा, कारण इतकं सगळं करून कुणाचा धीर सुटला की संगणक रिक्षात बसून बाजारात जातो. दुकानदाराचा हेतू वाईट असतो असं नाही. त्याला पडदा लावून द्यायचा असतो आणि त्याचा सगळ्यात जलद रस्ता म्हणजे डिस्क पुसून विंडोज टाकणं. तासाभरात पडदा झकास दिसतो. आत काही नसतं.

बँकेच्या खात्यावर दोन सह्यांशिवाय पैसे निघत नाहीत, हा नियम आपण किती कटाक्षाने पाळतो! डिस्कलाही तोच लावा. ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत ठराव घ्या की अध्यक्ष आणि सचिव या दोघींच्या लेखी संमतीशिवाय संघाच्या संगणकाची डिस्क फॉरमॅट होणार नाही, आणि दुरुस्तीला द्यायचा असेल तर आधी डिस्क काढून संघाच्या कपाटात राहील. डिस्क काढणं म्हणजे दोन वायरी आणि चार स्क्रू. डिस्क नसतानाही दुकानदार पाटी, रॅम, कार्ड, पडदा सगळं तपासू शकतो. तिच्यात सदस्यांच्या आधारच्या आणि पासबुकच्या प्रती आहेत. ती अनोळखी टेबलावर आठ दिवस पडून राहावी असं कुठल्या सदस्येला वाटेल?

डिस्क बाहेर काढल्यावर एक सापळा आहे. ती वायरने विंडोजच्या लॅपटॉपला जोडली तर लॅपटॉप इंग्रजीत एक चौकट दाखवतो, की ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? विंडोजला लिनक्सची डिस्क वाचता येत नाही, म्हणून तो असं विचारतो. डिस्क रिकामी किंवा खराब आहे असा त्याचा अर्थ नाही. कॅन्सल दाबायचं. दरवेळी कॅन्सल. घरातल्या शाळकरी पोरांनाही हे सांगून ठेवा, कारण चौकट दिसली की ओके दाबायची त्यांना सवय असते.

डिस्क न काढता आतलं बघायचं असेल तर लिनक्सचा पेनड्राइव्ह कपाटात ठेवा. दुसऱ्या संगणकावर उबुंटू उतरवून तो बनवता येतो. आयटीआयमधला एखादा मुलगा किंवा मुलगी अर्ध्या तासात करून देईल. तो लावून संगणक सुरू करताना डेल आणि लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एफ९ पुन्हा पुन्हा दाबा आणि यादीतून पेनड्राइव्ह निवडा. मग ट्राय, म्हणजे करून बघा, हेच निवडायचं. इन्स्टॉल निवडायचं नाही. पेनड्राइव्हवरून पडदा छान लागला तर वायर, पडदा, रॅम, कार्ड यांचा दोष बहुतेक नाही, डिस्कवरचं लिनक्स दुरुस्त करायला हवं. आणि तिथूनच आपल्या फाइली उघडून दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवता येतात. पेनड्राइव्हवरूनही काळंच राहिलं तर यंत्रात दोष. मग दुकान, पण डिस्क कपाटात ठेवून.

पडद्याशिवायही चालेल

एक विचार करून बघा. आपण सर्व्हरच्या पडद्यासमोर बसतो किती वेळा? बहुतेक जणी फोनवरूनच बघतात. मग त्याला चित्र लावायची सक्तीच का? लिनक्सला सांगता येतं की सुरू होताना चित्राच्या भानगडीत पडू नको, थेट अक्षरांच्या पडद्यावर ये. त्याला मल्टी-यूजर टार्गेट म्हणतात, चित्रासकट उघडण्याला ग्राफिकल टार्गेट. जाणकाराकडून एकदा बदलून घ्या आणि परत कसं फिरवायचं तेही वहीत लिहून घ्या. चित्रच सुरू होत नाही म्हटल्यावर चित्रामुळे अडण्याचा प्रश्न उरत नाही, आणि जुन्या संगणकाचा भारही हलका होतो. ज्या गावात लेखापाल ताई त्याच संगणकावर बसून टायपिंग करतात तिथे मात्र चित्र हवंच, तिथे हा उपाय कामाचा नाही.

प्रतीबद्दल थोडक्यात. महिन्याच्या बैठकीच्या दिवशी, इतिवृत्तावर सह्या झाल्या की लगेच, संघाचं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवायचं. अशा डिस्क दोन हव्यात. एक कार्यालयात आणि एक सचिव ताईंच्या घरी, दर महिन्याला अदलाबदल. डिस्क उतरवून झाली की संगणकापासून काढून ठेवा, जोडलेली ठेवली तर वीज किंवा व्हायरस दोघींना एकदम घेऊन जाईल. उतरवलेल्या फाइलींपैकी कुठलीही एक त्याच बैठकीत सगळ्यांसमोर उघडून बघा. मागच्या महिन्याची कर्ज खतावणी उघडली, आकडे दिसले, की इतिवृत्तात एक ओळ लिहा: प्रत घेतली, उघडून पाहिली, तारीख, सही. आणि दर बुधवारी संध्याकाळी कार्यालय बंद करणाऱ्या ताईंनी संगणक रीतसर बंद करून वायर काढायची. गुरुवारी दुपारनंतर वीज आली आणि थोडी स्थिरावली की मग लावायची. आधी पडदा, मग डबा.